प्युरिटन धर्मविचार आणि अमेरिकी साहित्य

सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडच्या राजमान्य चर्चमध्ये रोमन कॅथलिक वळणाचे विधी, झगे आणि बिशपांची सत्ता बरीचशी तशीच राहिली होती. ती दूर करून उपासना बायबलबरहुकूम व्हावी, असा आग्रह धरणाऱ्या प्रॉटेस्टंटांना विरोधकांनी हिणवून ‘प्युरिटन’ म्हटले आणि तेच नाव पुढे रूढ झाले. यांतील एक मोठा गट सतराव्या शतकात अटलांटिक ओलांडून अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या न्यू इंग्लंडमध्ये गेला. तिथे त्यांचा धर्मसिद्धांत शे-दीडशे वर्षांत सैल पडला, पण मनाला लावलेल्या सवयी टिकल्या. अमेरिकी साहित्य समजून घ्यायचे तर या सवयींकडे पाहावे लागते.

१६२० मध्ये ‘मेफ्लॉवर’ जहाजातून १०२ प्रवासी प्लिमथला आले. त्यांतील धर्मनिष्ठ मंडळींनी राजमान्य चर्चशी संबंधच तोडला होता. पहिल्याच हिवाळ्यात निम्मे लोक दगावले. ही हकीकत त्यांचा गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्ड याने अत्यंत साध्या, गंभीर गद्यात लिहून ठेवली. ती पूर्ण छापली गेली १८५६ मध्ये. १६३० मध्ये जॉन विन्थ्रप याच्या नेतृत्वाखाली मॅसॅच्युसेट्समध्ये मोठी वसाहत सुरू झाली आणि पुढच्या दहा वर्षांत सुमारे वीस हजार माणसे न्यू इंग्लंडमध्ये उतरली.

त्यांच्या श्रद्धेचा गाभा धर्मसुधारक जॉन कॅल्व्हिनच्या शिकवणुकीत होता. आदामाच्या पापाने माणूस मुळातच बिघडलेला आहे. तारण मिळते ते केवळ देवाच्या कृपेने. आणि ती कृपा कोणावर व्हायची हे देवाने जगाच्या उत्पत्तीआधीच ठरवले आहे. पुण्यकर्मांनी हा निर्णय बदलत नाही. मग आपण निवडलेल्यांत आहोत की नाही, हे कळावे कसे? खात्री कधीच मिळत नसे, मिळत त्या फक्त खुणा. त्यामुळे माणूस रोज स्वतःच्या मनाची झडती घेई. आजची प्रार्थना कोरडी का गेली? मूल आजारी पडले, ते कोणत्या पापाबद्दल? सॅम्युएल स्यूअल याच्यासारख्या बॉस्टनच्या न्यायाधीशाने पन्नासहून अधिक वर्षे रोजनिशी ठेवली, ती अशाच सवयीतून. १६३० च्या दशकाच्या मध्यापासून मंडळीचे (म्हणजे गावच्या चर्चचे) सभासदत्व हवे असेल, तर आपल्या अंतःकरणात कृपेने काय घडवले हे सर्वांसमोर सांगावे लागे. मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजचा पाळक (चर्चचा धर्मोपदेशक) थॉमस शेपर्ड याने अशी कथने वहीत उतरवून घेतली होती, आणि त्यांत मोलकरणींचीही आहेत. सामान्य माणसाचे अंतरंग ऐकण्याजोगे आणि लिहून ठेवण्याजोगे आहे, हा विचार अमेरिकेत इतक्या आधी रुजला होता.

दुसरी सवय खुणा वाचण्याची. बायबलच्या जुन्या करारातील घटना या पुढच्या घटनांच्या पूर्वछाया आहेत, असे ते मानत. अटलांटिक म्हणजे तांबडा समुद्र, इंग्लंडचा राजा म्हणजे इस्राएल लोकांना छळणारा इजिप्तचा फारो, समोरचे रान म्हणजे ते लोक सुटकेनंतर भटकले ते अरण्य. प्रत्येक वादळ, दुष्काळ, साथ म्हणजे देवाचा निरोप. या वाचनात मूळ रहिवाशांच्या वाट्याला भयंकर भूमिका आली. १६३७ च्या युद्धात मिस्टिक नदीकाठचे पीक्वॉट जमातीचे वस्तीस्थान आतल्या बायकामुलांसह जाळले गेले आणि त्या विजयाबद्दल देवाचे आभार मानले गेले. दुसरीकडे जॉन एलियट याने मूळ रहिवाशांची मॅसॅच्युसेट भाषा शिकून १६६३ मध्ये तिच्यात संपूर्ण बायबल छापले; अमेरिकेत छापलेले हे पहिले पूर्ण बायबल. मेरी रोलंडसन ही पाळकाची बायको १६७६ मध्ये अकरा आठवडे मूळ रहिवाशांच्या कैदेत होती आणि त्या काळात तिची सहा वर्षांची मुलगी दगावली. १६८२ मध्ये छापलेल्या तिच्या आठवणींत बहुतेक मुक्कामांना बायबलचे एखादे वचन जोडलेले आहे. पण भूक लागल्यावर ती जे खाते आणि ते तिला गोडही लागते, त्याचे वर्णन कोणत्याही वचनात मावत नाही. अशा जागी हे गद्य आजही जिवंत वाटते.

अ‍ॅन ब्रॅडस्ट्रीटच्या कवितेतही हीच ओढाताण आहे. विन्थ्रपच्या जहाजातून आलेल्या या कवयित्रीचा संग्रह १६५० मध्ये लंडनला छापला गेला. १६६६ च्या जुलैमध्ये घर जळाले, तेव्हा तिने लिहिले की जे गेले ते देवाचेच होते. तरीही जाता-येता तिची नजर राखेकडे वळते: इथे पेटी होती, इथे मेज होते, इथे पाहुणे बसत. शेवटी ती स्वर्गातल्या घराकडे वळते खरी, पण माझ्या मते कविता राहते ती त्या राखेपाशी. एडवर्ड टेलर या पाळकाच्या कविता तर १९३७ मध्ये येल विद्यापीठाच्या ग्रंथालयात हस्तलिखितात सापडल्या, तोवर त्यांची जगाला गंधवार्ता नव्हती.

साधेपणा हे त्यांचे शैलीचे तत्त्व. प्रवचनाची बांधणी ठरलेली असे: आधी वचन, मग त्यातून निघणारा सिद्धांत, त्याची कारणे आणि शेवटी ऐकणाऱ्याच्या आयुष्यातला उपयोग. उपमा घ्यायच्या त्या शेत, घर, बाजार यांतल्या. पाळक शिकलेले हवेत, म्हणून १६३६ मध्ये हार्वर्डची स्थापना झाली; १६४० मध्ये स्तोत्रांचे पुस्तक छापले गेले; आणि बायबल प्रत्येकाला स्वतः वाचता यायला हवे, म्हणून १६४७ च्या कायद्याने पन्नास घरांच्या गावाला शिक्षक नेमणे बंधनकारक झाले.

याच समाजाने मतभेद सहन केला नाही, हेही तितकेच खरे. रॉजर विल्यम्स आणि अ‍ॅन हचिन्सन यांना हद्दपार केले गेले; १६६० मध्ये क्वेकर या वेगळ्या ख्रिस्ती पंथाच्या मेरी डायर हिला फाशी झाली. १६९२ मध्ये सेलममध्ये चेटकाच्या आरोपाखाली एकोणीस जणांना फासावर चढवले आणि एका वृद्धाला दगडांखाली दाबून मारले. त्या न्यायासनावर स्यूअल होता. पाच वर्षांनी तो बॉस्टनच्या मंडळीत सर्वांसमोर उभा राहिला आणि पाळकाने त्याचा अपराधस्वीकार वाचून दाखवला. त्या न्यायाधीशांपैकी जाहीरपणे असे उभे राहणारा तो एकटाच.

अठराव्या शतकात जॉनथन एडवर्ड्स या पाळकाच्या १७४१ च्या प्रवचनात पापी माणूस अग्नीवर धरलेल्या कोळ्यासारखा देवाच्या हातात लोंबकळतो. पाठ्यपुस्तकांमुळे एडवर्ड्स या एकाच चित्रापुरता उरला, हा त्याच्यावर अन्याय आहे. निसर्गातल्या सौंदर्यात देवाची चिन्हे वाचणारा तितका रसिक त्या काळात दुसरा नव्हता. बेंजामिन फ्रँकलिनने प्युरिटन श्रद्धा सोडली, पण तेरा सद्गुणांचा तक्ता करून रोजच्या चुकांवर ठिपके मांडण्याची पद्धत जुन्या आत्मपरीक्षणाचीच होती. निबंधकार राल्फ वॉल्डो एमर्सन बॉस्टनच्या ज्या मंडळीचा पाळक होता, ती पूर्वी इन्क्रीस आणि कॉटन मॅदर या कडव्या प्युरिटन पितापुत्रांची. १८३२ मध्ये प्रभुभोजनाच्या विधीवरून त्याने ते पद सोडले. निसर्गातली प्रत्येक वस्तू आत्मिक सत्याचे चिन्ह आहे, हे त्याचे म्हणणे मात्र पूर्वजांच्या खुणावाचनातूनच आलेले आहे. फक्त मूळ पाप त्याने वगळले.

ते वगळायला कादंबरीकार नॅथॅनिएल हॉथॉर्न तयार नव्हता. सेलमच्या खटल्यांतील न्यायाधीश जॉन हॅथॉर्न हा त्याचा पूर्वज. ‘द स्कार्लेट लेटर’च्या (१८५०) प्रस्तावनेत पूर्वजांच्या कृत्यांची लाज तो स्वतःवर घेतो. कादंबरीत व्यभिचाराची शिक्षा म्हणून नायिका हेस्टरच्या छातीवर लावलेल्या ‘ए’ अक्षराचा अर्थ बदलत जातो आणि खुणा वाचण्याच्या त्या समाजाच्या आत्मविश्वासालाच धक्का बसतो. हॉथॉर्नच्या लेखनातल्या काळोखाचे बळ कॅल्व्हिनच्या मूळ पापाच्या कल्पनेत आहे, असे कादंबरीकार हर्मन मेलव्हिलने लिहिले आणि पुढच्याच वर्षी ‘मोबी-डिक’ त्यालाच अर्पण केली. कवयित्री एमिली डिकिन्सन मंडळीची सभासद कधीच झाली नाही, पण तिच्या कवितांचा ठेका चर्चमधल्या स्तोत्रांचा आहे. देवाशी तिचा वाद ही त्याच घरातली तक्रार आहे.

विन्थ्रपच्या एका भाषणातले ‘डोंगरावर वसलेले नगर’ आज अमेरिकी राजकारणाचे घोषवाक्य झाले आहे. केनेडी आणि रेगन दोघांनीही ते वापरले. मूळ भाषण १८३८ पर्यंत छापलेलेही नव्हते. त्यात अभिमानापेक्षा धाक अधिक आहे: सर्वांचे डोळे आपल्यावर आहेत, देवाशी केलेला करार मोडला तर जगभर छी-थू होईल. देश वचनाला चुकला म्हणून त्याला खडसावण्याची परंपरा इथूनच येते, आणि गुलामगिरीविरुद्ध बोलणाऱ्यांनीही तीच भाषा वापरली.

महाराष्ट्राशी या परंपरेचा संबंध थेट आहे. न्यू इंग्लंडच्या प्युरिटन मंडळ्यांच्या वारसांनी १८१० मध्ये परदेशी मिशनसाठी मंडळ स्थापले आणि त्याचे पहिले मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत उतरले. हेच पुढचे अमेरिकन मराठी मिशन. शाळा आणि छापखाना यांकडे ते लगेच वळले. १८४२ मध्ये अहमदनगरहून ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक निघू लागले. पुढे रेव्हरंड ना. वा. टिळक त्यात लिहीत. नगरमध्ये याच मिशनच्या फॅरारबाई मुलींच्या शाळा चालवत. त्या पाहिल्यानंतर जोतीराव फुल्यांनी १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली.