टिंबापुढचा ९ आणि उगाच लागणारा घोर

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घरगुती ग्रुपांवर एक समज फिरत असतो: डिस्चार्ज कार्डावरच्या कोडात टिंबानंतर ९ आला की आजार शेवटच्या टप्प्यात. कार्ड इंग्रजीत, त्यात असा आकडा; धसका बसणं साहजिक आहे.

पण हे कोड ज्यातून येतात त्या आयसीडी-१० मध्ये, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, हा आकडा गांभीर्य मोजत नाही. ९ चा अर्थ बहुतेक ठिकाणी ‘अधिक तपशील नोंदलेला नाही’ एवढाच. जे (इंग्रजी J) १८.९ म्हणजे न्यूमोनिया, पण जंतू कोणता ते लिहिलेलं नाही. बेडक्याच्या तपासणीत न्यूमोकोकस सापडला आणि डॉक्टरांनी तसं लिहिलं, तर तोच कोड जे १३ होतो. उलट जे ९६.० मध्ये टिंबापुढे शून्य आहे, आणि तो आहे श्वसनक्रिया अचानक निकामी होण्याचा!

मानेतल्या गाठीचंही तसंच. एकाच भागात गाठी असतील तर आर ५९.०, जागा नोंदलेली नसेल तर आर ५९.९. सुईने घेतलेल्या नमुन्यात क्षय निघाला तर ए १८.२. कोडिंग करणारा स्वतःच्या अंदाजाने यातलं काही बदलू शकत नाही. डॉक्टरांनी लिहिलं तेवढंच कोडात उतरतं.

खात्री करायची तर कार्डावर कोडाशेजारचं निदानाचं नाव वाचा, मग आयसीडी-१० च्या इंटरनेटवरच्या मोफत यादीत अक्षरासकट पूर्ण कोड टाका. दोन्ही जुळत नसतील तर कार्ड घेऊन रेकॉर्ड विभागात जा. विम्याचा क्लेम असेल तर आधीच जा. आजार किती गंभीर, हे मात्र डॉक्टरांनाच विचारा.