दोन्ही कानांना यंत्र का सुचवतो?

“दोन्ही कानांनी कमी ऐकू येते, पण मशीन एकच द्या,” असे आमच्याकडे येणारे अनेक जण सांगतात. खर्च पाहता ते स्वाभाविकच आहे. तरीही आमच्या आग्रहामागचे कारण निर्णयापूर्वी आपणास माहीत असावे.

आवाज डावीकडून आला की उजवीकडून, हे मेंदू मुख्यतः दोन कानांत पडणाऱ्या फरकावरून ठरवतो. हवेत आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर असल्याने उजवीकडे वाजलेला हॉर्न उजव्या कानात आधी पोहोचतो आणि डोक्याला वळसा घालून डाव्या कानात किंचित उशिरा. हा उशीर फार तर ०.०००७ सेकंदांचा असतो, आणि निरोगी कानांच्या माणसाला त्याहूनही बारीक, अगदी सेकंदाच्या एक लाखाव्या भागाएवढा फरक जाणवू शकतो. खर्जातल्या आवाजांची दिशा अशी वेळेवरून कळते. शिट्टीसारख्या चढ्या स्वरांना मात्र डोकेच आडवे येते आणि पलीकडच्या कानात ते २० डेसिबलपर्यंत क्षीण होऊन पोहोचतात. ब्रिटिश शास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी १९०७ मध्ये केलेली ही मांडणी आजही पायाभूत मानली जाते.

घरी एकदा करून पाहा. डोळे मिटून बसा, कोणाला तरी खोलीत वेगवेगळ्या जागी किल्ल्यांचा जुडगा वाजवायला सांगा आणि त्या दिशेला हात करा. मग एका कानात बोट घट्ट घालून पुन्हा तसेच करा. हात बहुधा उघड्या कानाकडे झुकू लागेल. एकाच कानाला यंत्र लावून रस्ता ओलांडताना अशीच फसगत होऊ शकते, आणि आम्हाला खरी काळजी तिचीच वाटते.

समोरचा आणि पाठीमागचा आवाज दोन्ही कानांत जवळजवळ सारखाच पोहोचतो. तेथे बाहेरच्या कानाच्या वळ्या आणि मान वळवण्याची सवय कामी येते. कानामागे बसणाऱ्या यंत्राचा मायक्रोफोन या वळ्यांच्या वर राहत असल्याने सुरुवातीला पुढचे-मागचे गोंधळल्यासारखे वाटते.

एक कान चांगला असेल, किंवा एका कानाला यंत्राचा उपयोगच होणार नसेल, तर आम्ही दोन यंत्रे सुचवत नाही. ते श्रवणतपासणीच्या आलेखावरून ठरते. सेटिंगसाठी येताना मात्र दोन्ही यंत्रे बरोबर आणावीत, कारण एकाच बाजूचा आवाज वाढवला तर सगळेच त्या बाजूने बोलत असल्याचा भास होतो.