नेटवर्कवरून सुरू होणाऱ्या स्टोरेज सर्व्हरचा आयपी पत्ता कायम कसा राखावा

आम्ही बसवून देत असलेल्या स्टोरेज सर्व्हरमधील सर्व डिस्क केवळ आपल्या डेटासाठी असतात. ऑपरेटिंग सिस्टिम मात्र दर वेळी नेटवर्कवरून, पीएक्सई (नेटवर्क कार्डामार्फत संगणक सुरू करण्याच्या) पद्धतीने येते. अनेक सर्व्हर एकच सिस्टिम इमेज, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमची तयार प्रत, वापरत असल्यामुळे त्या इमेजमध्ये आयपी पत्ता लिहून ठेवला, तर सगळ्यांनाच तो एक पत्ता मिळेल आणि नेटवर्कवर संघर्ष होईल. म्हणून पत्ता सर्व्हरमध्ये न लिहिता डीएचसीपी सर्व्हरवर (यंत्रांना आयपी पत्ते वाटणाऱ्या सर्व्हरवर), त्या यंत्राच्या मॅक पत्त्याच्या, म्हणजे नेटवर्क पोर्टच्या ओळख क्रमांकाच्या, नावे राखून ठेवावा, असे आमचे ठाम मत आहे.

मॅक पत्ता बारा अंकाक्षरांचा असतो. तो खोक्यावरील लेबलवरून न घेता सुरू होतानाच्या पडद्यावरून उतरवून घ्यावा, कारण एका सर्व्हरला अनेक नेटवर्क पोर्ट असतात, दूरस्थ देखभालीच्या पोर्टचा मॅक पत्ता वेगळाच असतो, आणि बूट नेमके कोणत्या पोर्टवरून होते ते पडद्यावरच खात्रीने कळते. राखीव पत्ते आपोआप वाटल्या जाणाऱ्या पत्त्यांच्या टप्प्याबाहेरचे निवडावेत.

सर्वाधिक घोटाळा होतो तो यापुढे. बूट होताना पडद्यावर १९२.१६८.१०.२१ दिसते आणि लॉगिन केल्यावर तोच सर्व्हर १९२.१६८.१०.१४७ वर आढळतो. याचे कारण असे, की एकाच सुरुवातीत पत्ता एकाहून अधिक वेळा मागितला जातो: आधी नेटवर्क कार्डाचे फर्मवेअर (कार्डातच बसवलेली आज्ञावली) मागते, नंतर ऑपरेटिंग सिस्टिम मागते, आणि दोघांनी आपली ओळख वेगवेगळी सांगितली, तर डीएचसीपी सर्व्हर त्यांना दोन निराळी यंत्रे समजू शकतो. सिस्टिम-डी नेटवर्क-डी ही लिनक्समधील नेटवर्क जोडणी सांभाळणारी सेवा मूळ मांडणीत मॅक पत्त्याऐवजी स्वतःचा वेगळा ओळख क्रमांक पाठवते. तेथे ओळख म्हणून मॅक पत्ताच पाठवण्याची सूचना इमेजमध्ये द्यावी लागते. आम्ही ती देतोच, तरी आपण स्वतःची इमेज वापरणार असाल तर हे अवश्य तपासावे.

मूळ फाइल सिस्टिम एनएफएसवर (नेटवर्कवरून फाइली वापरण्याच्या पद्धतीवर) असेल, तर चालू सर्व्हरचा तो नेटवर्क पोर्ट बंद करून पुन्हा सुरू करू नये. जोडणी तुटताच सर्व्हरला स्वतःच्या आज्ञावलीही वाचता येत नाहीत आणि तो जागीच थिजतो.

डीएचसीपी सर्व्हर ज्या आभासी यंत्रावर (सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या संगणकावर) चालतो, त्याची डिस्क याच स्टोरेजवर ठेवू नये, ही आमची कळकळीची विनंती आहे. एरवी यात काही खटकत नाही. परंतु वीज जाऊन सर्व यंत्रे एकदम बंद पडली, तर स्टोरेज पत्त्यासाठी अडून राहते आणि पत्ता देणारा स्टोरेजसाठी.

सेफ (Ceph) ही अनेक सर्व्हर मिळून एकच साठा बनवणारी स्टोरेज प्रणाली वापरणाऱ्यांनी विशेष दक्ष राहावे, कारण तिच्या मॉनिटरचे, म्हणजे क्लस्टरवर (सर्व्हरच्या समूहावर) लक्ष ठेवणाऱ्या सेवांचे, पत्ते क्लस्टरच्या नकाशातच नोंदलेले असतात आणि नुसता आयपी बदलून भागत नाही. मदरबोर्ड किंवा नेटवर्क कार्ड बदलले की मॅक पत्ताही बदलतो. अशा वेळी नवा मॅक पत्ता आम्हाला कळवावा आणि राखीव नोंद दुरुस्त झाल्यानंतरच सर्व्हर सुरू करावा.