रिबेट की ग्रँट? अमेरिकी शाळांना विजेच्या बससाठी मिळालेल्या पैशाच्या दोन वाटा

अमेरिकेतल्या शाळांना विजेवर चालणाऱ्या बस घ्यायला तिथल्या केंद्र सरकारने पैसे दिले, या बातम्या मराठीत येतात तेव्हा सगळीकडे एकच शब्द दिसतो: अनुदान. मूळ योजनेत मात्र रिबेट आणि ग्रँट असे दोन वेगळे प्रकार होते. तिजोरी एकच, बसही तशाच. पण एकीकडे सोडतीत नंबर लागावा लागायचा आणि दुसरीकडे परीक्षेत गुण मिळवावे लागायचे.

तिजोरी कोणती, ते आधी पाहू. नोव्हेंबर २०२१ मध्ये पायाभूत सुविधांचा मोठा कायदा झाला. त्यात २०२२ ते २०२६ या पाच आर्थिक वर्षांसाठी शाळांच्या बसकरता ५ अब्ज डॉलर बाजूला काढले गेले. निम्मे पैसे फक्त धूर न सोडणाऱ्या बससाठी होते, उरलेल्या निम्म्यात प्रोपेन किंवा सीएनजीवरच्या बसही चालत होत्या. वाटपाचं काम पर्यावरण खात्याकडे, म्हणजे ईपीएकडे आलं आणि योजनेचं नाव पडलं 'क्लीन स्कूल बस प्रोग्राम'.

खरा घोळ 'रिबेट' या शब्दाने केला आहे. रिबेट म्हटलं की वाटतं, आधी पूर्ण किंमत मोजायची आणि मग त्यातला काही भाग परत मिळणार. विजेची मोठी स्कूलबस साडेतीन-चार लाख डॉलरच्या घरात जाते, डिझेल बसच्या किमतीच्या दुपटीहून जास्त. एवढे पैसे आधी मोजायचे असते तर गरीब स्कूल डिस्ट्रिक्ट या वाटेला गेलेच नसते. (स्कूल डिस्ट्रिक्ट म्हणजे एखाद्या भागातल्या सरकारी शाळा चालवणारी स्थानिक संस्था. आपल्या जिल्ह्याशी तिचा संबंध नाही.) प्रत्यक्षात उलटं होतं. अर्ज छोटा आणि ऑनलाइन. सोडतीत नाव लागलं की डीलरला ऑर्डर द्यायची, ऑर्डरचे कागद ईपीएला पाठवायचे, की बस दारात यायच्या आधीच पैसे जमा. एकच मोठी अट होती: नाव लागण्याआधी ऑर्डर देऊन बसायचं नाही. म्हणजे आधी मोजलेले पैसे नंतर परत मिळतात, ही समजूत इथे चुकीची ठरते. नाव बदललं असतं तर बरं झालं असतं, पण सरकारी नावं अशी सहज बदलत नाहीत.

ग्रँटसाठी सविस्तर प्रस्ताव लिहावा लागायचा. किती बस, कोणत्या मार्गांवर, चार्जर कुठे बसवणार, चालकांना आणि मेकॅनिकना प्रशिक्षण कसं देणार, हे सगळं मांडायचं आणि त्यावर गुण पडायचे. शिवाय लहान मागणी चालत नव्हती. २०२३ च्या ग्रँट फेरीत डिस्ट्रिक्टला किमान १५ बस मागाव्या लागत होत्या, कमाल ५०. ठेकेदार किंवा ना-नफा संस्थेसारख्या मधल्या अर्जदाराला किमान चार डिस्ट्रिक्ट एकत्र बांधून २५ ते १०० बस मागता येत होत्या. उलट २०२२ च्या रिबेटमध्ये कमाल मर्यादा २५ बसची होती आणि एकच बस मागितली तरी अडत नव्हतं. ग्रँट मंजूर झाली की केंद्रीय अनुदानांचे सगळे नियम लागू: स्पर्धात्मक खरेदी, ठरावीक मुदतीने अहवाल, हिशेब तपासणी. ज्या ग्रामीण डिस्ट्रिक्टमध्ये चालक मिळत नाही म्हणून कधी साहेबच सकाळी स्टिअरिंगवर बसतात, तिथे हे कोण करणार?

रक्कम पाहिली तर फार फरक नव्हता. २०२२ च्या रिबेटमध्ये प्राधान्याच्या डिस्ट्रिक्टला, म्हणजे गरीब, दुर्गम किंवा आदिवासी भागातल्या शाळांना, विजेच्या मोठ्या बसमागे ३,७५,००० डॉलरपर्यंत आणि चार्जरसाठी वेगळे २०,००० डॉलरपर्यंत मिळत. इतरांना २,५०,००० आणि १३,०००. २०२३ च्या ग्रँटमध्ये प्राधान्यवाल्यांसाठी दोन्ही खाती एक करून कमाल ३,९५,००० केली. बेरीज तीच. पण बस थोडी स्वस्त पडली तर उरलेले पैसे वायरिंगकडे वळवता येऊ लागले, आणि चार्जरच्या केबलसाठी केलेल्या खोदकामाचं बिल पाहिलेल्या कुणालाही याचं मोल कळेल.

निकाल शेजारी ठेवले की फरक नीट दिसतो. २०२२ च्या रिबेटसाठी सुरुवातीला ५० कोटी डॉलर होते. सुमारे २,००० अर्ज आले आणि मागणी ४ अब्ज डॉलरच्या जवळ गेली, म्हणून रक्कम दुप्पट करून जवळपास १ अब्ज केली. त्यातून सुमारे ३९० डिस्ट्रिक्टना २,४०० हून अधिक बस मंजूर झाल्या, त्यातल्या सुमारे ९५ टक्के विजेच्या. जानेवारी २०२४ मध्ये ग्रँटचा निकाल लागला. पैसे पुन्हा जवळपास १ अब्ज आणि बस २,७०० च्या वर, पण निवडलेले अर्जदार फक्त ६७. त्यांच्यामार्फत बस पोचणार होत्या २८० डिस्ट्रिक्टमध्ये.

माझा कल रिबेटकडे आहे. सोडत म्हणजे जुगार असं वाटतं खरं, पण गुणांच्या परीक्षेत बहुतेक वेळा प्रस्ताव लिहायला सल्लागार नेमू शकणारा पुढे जातो. सोडतीची खोट वेगळीच आहे: तयारी नसलेल्याचाही नंबर लागतो. आणि वीज कंपनीकडून जादा जोडभार घेणं हे काही एका फोनचं काम नाही. २०२२ मध्ये निवड झालेल्या काही डिस्ट्रिक्टनी नंतर माघार घेतली. २०२३ च्या रिबेट फेरीत, अर्जाची कल्पना डिस्ट्रिक्टचा कारभार पाहणाऱ्या शाळा-मंडळाला आहे असं प्रमाणपत्र मागितलं गेलं.

यात तिसरं नाव मिसळतं ते करसवलतीचं. ती आयकर खात्याची, वेगळ्या कायद्यातली. जड वाहनाला कमाल ४०,००० डॉलर मिळत, आणि कर न भरणाऱ्या शाळांनाही ती रक्कम थेट घेता येत होती. ३० सप्टेंबर २०२५ नंतर घेतलेल्या वाहनांसाठी ती बंद झाली.

रिबेट असो वा ग्रँट, एका बाबतीत सुटका नव्हती. नव्या बसच्या बदल्यात जुनी द्यावी लागायची. ती २०१० किंवा त्याआधीच्या डिझेल इंजिनाची असेल तर विकायची किंवा दान द्यायची परवानगी नव्हती. ती भंगारातच काढायची, आणि तसं केल्याचा पुरावाही द्यायचा.