भुयारी मेट्रोतील धूलिकण

भुयारी रेल्वेच्या बोगद्यांत, फलाटांवर व डब्यांत आढळणारी, मुख्यतः लोहयुक्त सूक्ष्म धूळ. गाडी विजेवर चालते, धूर सोडत नाही, म्हणून हवा स्वच्छच असणार हा समज इथे फसतो. चाके, रूळ आणि ब्रेकचे पॅड घासून झिजतात. हा भुगा बोगद्यात साचतो आणि प्रत्येक गाडीने ढकललेल्या वाऱ्याबरोबर पुन्हा उडतो.

लंडनचे जुने, अरुंद बोगदे हे याचे ठळक उदाहरण. तिथल्या सर्वांत खोल हॅम्पस्टेड स्थानकावर पीएम 2.5ची (2.5 मायक्रोमीटर किंवा त्याहून बारीक कणांची) सरासरी घनमीटरला 492 मायक्रोग्रॅम भरली होती. जागतिक आरोग्य संघटनेची 24 तासांची मर्यादा (2021) 15 आहे. अर्थात प्रवासी तिथे काही मिनिटेच असतो, म्हणून हे दोन आकडे थेट शेजारी ठेवू नयेत. शिवाय हातात धरायची प्रकाशीय मापके बाहेरच्या धुळीवर जुळवलेली असतात. लोहधूळ कितीतरी जड असल्याने ती कमी आकडा दाखवतात. फिल्टरवरच्या धुळीचे वजन करून मापकाचा आकडा दुरुस्त करणारा गुणक काढावाच लागतो.

शरीरावरील परिणामांचे चित्र अजून एकसंध नाही. स्टॉकहोममध्ये प्रयोगशाळेत वाढवलेल्या फुप्फुसपेशींवर मेट्रोच्या कणांनी रस्त्यावरच्या कणांपेक्षा सुमारे आठपट जनुकीय इजा केली (2005). कणांच्या पृष्ठभागावरचे लोह पेशींत ऑक्सिडीकरणाचा ताण (ऑक्सिजनच्या अतिक्रियाशील रूपांमुळे होणारी इजा) वाढवते. पण त्याच शहरातील मेट्रोचालकांत हृदयविकाराचा झटका किंवा फुप्फुसाचा कर्करोग जास्त आढळला नाही. डिझेलच्या धुराबाबत मात्र संदिग्धता उरलेली नाही: तो 2012पासून निश्चित कर्ककारकांत गणला जातो. त्यामुळे धुळीच्या धास्तीने मेट्रो सोडून डिझेल बसच्या थांब्यावर उभे राहण्यात शहाणपण नाही. दमेकऱ्याने खोल स्थानकावर ताटकळणे मात्र टाळावे.

उपायांत वीज परत मिळवणारे ब्रेक सर्वांत मुळाशी जातात: वेग मोटारीनेच उतरतो, पॅड कमी घासतात. फलाटाच्या कडेचे काचेचे दरवाजे (मुंबईच्या मेट्रो 3वर आहेत) फलाट वाचवतात. पण सोलमध्ये ते बसवल्यावर धूळ बोगद्यात कोंडली आणि डब्यांतले पीएम 10 (10 मायक्रोमीटरपर्यंतचे कण) वाढले. तेव्हा दरवाज्यांच्या जोडीला बोगद्यातील हवा खेचणारे पंखे आणि डब्यांतले फिल्टर हवेतच. रात्रीच्या सफाईत कोरडा झाडू फिरवला तर तीच धूळ वर उडते. शोषणयंत्र किंवा ओली सफाई लागते. सफाई कामगारांना कापडी रुमाल पुरत नाही, चेहऱ्याला घट्ट बसणारा एन 95 दर्जाचा मुखपट्टा द्यावा लागतो.