डबेवाला शून्य काम करतो?

चर्चगेटला सकाळी साडेअकराच्या सुमारास उतरलात, तर डोक्यावर डब्यांनी भरलेली लांबलचक लाकडी पाटी घेऊन गर्दीतून वाट काढणारा डबेवाला हमखास दिसतो. शाळेतलं भौतिकशास्त्र म्हणतं, सपाट फलाटावर एका चालीनं जाताना हा माणूस त्या पाटीवर शून्य कार्य करत असतो. हे त्याला थांबवून सांगायला जाऊ नका.

पाटी 50 किलोची धरा. ती खाली येऊ नये म्हणून त्याचं डोकं तिला सुमारे 490 न्यूटन इतक्या बलानं वर रेटतंय. पण पाटी वर जात नाहीये, पुढे जातेय. भौतिकशास्त्रात कार्य म्हणजे बल गुणिले त्या बलाच्या दिशेनं कापलेलं अंतर. वरच्या दिशेचं अंतर शून्य, म्हणून कार्य शून्य. खरं कार्य झालं ते आधी, पाटी जमिनीवरून डोक्यावर चढवताना: 490 गुणिले साधारण 1.7 मीटर, म्हणजे 833 ज्यूल. तेवढी ऊर्जा पाटीच्या खात्यात जमा झाली आणि पाटी उतरेपर्यंत तिथेच राहिली.

मग तो घामाघूम का? पाटी टेबलावर ठेवली तर टेबलही तेच 490 न्यूटन बल लावतं, महिनाभर लावत राहील, आणि त्याला एक वडापावही लागत नाही. स्नायूला हे जमत नाही. भार नुसता पेलून धरायलाही त्यातले प्रथिनांचे सूक्ष्म धागे एकमेकांना पकडतात, ओढतात, सोडतात, पुन्हा पकडतात. दर पकडीला शरीरातलं इंधन खर्च होतं आणि त्याची शेवटी उष्णता होते. शिवाय दर पावलाला शरीर थोडं वरखाली होतं, त्याचा खर्च वेगळा. म्हणजे डबेवाल्याची ऊर्जा भरपूर जाते, फक्त ती पाटीला मिळत नाही. ‘कार्य’ हा शब्द निवडणाऱ्यांनी कधी ओझं उचललं असेल असं मला वाटत नाही, पण हिशेब त्यांचा बरोबर आहे.

बल हे दोन वस्तूंमध्ये या क्षणी चाललेलं काहीतरी असतं. त्याला दिशा असते आणि ते साठवता येत नाही. ऊर्जेला दिशा नसते, पण ती साठते, एकाकडून दुसऱ्याकडे जाते, रूप बदलते. आपली भाषा इथे मदत करत नाही. जोर, ताकद, बळ, शक्ती, सगळं एकाच माळेत. पुस्तकात ‘शक्ती’ म्हणजे कार्य करण्याचा दर. आणि अणुऊर्जा विभागाच्या मुंबईतल्या वसाहतीचं नाव मात्र अणुशक्तीनगर! अर्थात मोठमोठ्यांचंही असंच झालंय. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा, म्हणजे ऊर्जा नष्ट होत नाही या नियमाचा, पाया घालणारा जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झचा 1847 सालचा निबंध ‘क्राफ्ट’च्या अक्षय्यतेवर होता, आणि आजच्या जर्मन भौतिकशास्त्रात क्राफ्ट म्हणजे बल.

आता आकडे बघा. 60 किलोचा माणूस स्टेशनचा 6 मीटर उंच पूल चढला की त्याच्या खात्यात सुमारे 3,500 ज्यूल जमा होतात. विजेच्या बिलावरचं एक युनिट म्हणजे 36 लाख ज्यूल. एवढ्यात तोच माणूस तोच पूल हजार वेळा चढवता येईल, हिशेबापुरता तरी. दर युनिटमागे आपण मोजतो ते पैसे बघता, वीज मला फार स्वस्त वाटते.

हाच माणूस ताशी 36 किलोमीटर वेगानं धावणाऱ्या लोकलमध्ये उभा आहे. त्याच्याजवळ गतीची ऊर्जा 3,000 ज्यूल, जवळपास पूल चढल्याइतकीच. गाडी 100 मीटरमध्ये थांबली तर त्याला रोखायला सरासरी 30 न्यूटन पुरतात. तीन किलोची पिशवी धरायला लागतात तेवढे. कडी पकडली की भागतं. दारात लटकून जाताना तोच माणूस त्याच वेगानं खांबाला धडकला, तर तेच 3,000 ज्यूल जेमतेम 10 सेंटिमीटरमध्ये संपतात आणि बल होतं 30,000 न्यूटन. ऊर्जा तीच, बल हजारपट. जीव घेतं ते हे छोटं अंतर.

थांबलेल्या गाडीची ऊर्जा कुठे गेली? पूर्वी ती ब्रेकच्या घर्षणात तापून वाया जायची. आताच्या लोकलमध्ये ब्रेक लावताच मोटारीच जनित्र बनतात आणि त्या ऊर्जेतला काही भाग वीज होऊन वरच्या तारेत परत जातो. दादरला गाडी थांबताना तुम्हाला बसलेला धक्का दादरलाच संपतो. ती वीज मात्र तेवढ्यात माटुंग्याहून सुटणाऱ्या एखाद्या गाडीला ढकलत असेल.