दाबलेला ब्रेक, तुटलेली वायर

सूक्ष्मदर्शकाखाली एक स्लाइड आहे. तिच्यावर गर्भाशयमुखाच्या बायोप्सीचा काप, जाडी साधारण ४ मायक्रॉन, म्हणजे केसापेक्षा पंधरा-वीस पटींनी पातळ. नेहमीच्या रंगांत केंद्रकं जांभळट-निळी आणि बाकी सगळं गुलाबी दिसतंय. पॅथॉलॉजिस्ट मात्र अडलाय. केंद्रकं गडद आहेत, एकमेकांना खेटून बसलीत. हा कर्करोगपूर्व बदल म्हणायचा, की पाळी गेल्यावर पातळ झालेलं साधं अस्तर? दोन अनुभवी पॅथॉलॉजिस्टांची मतंही इथे फाटतात. एकाच्या मते बाई घरी जायला मोकळी, दुसऱ्याच्या मते तिच्या पिशवीच्या तोंडाचा तुकडा काढायला हवा.

अशा वेळी बायोप्सीचा तुकडा ज्या मेणाच्या ठोकळ्यात बसवलेला असतो, त्यातूनच आणखी एक काप घेतात आणि त्यावर पी-१६ या प्रथिनाला चिकटणारं प्रतिपिंड सोडतात. जिथे ते चिकटतं तिथे तपकिरी रंग उमटतो. निरोगी अस्तर निळसरच राहतं. फार तर इथे-तिथे एखादा फिकट ठिपका. गंभीर कर्करोगपूर्व बदल असेल तर तळाच्या थरापासून वरपर्यंत सलग तपकिरी पट्टा दिसतो, जणू कुणी काव फासली. तुटक ठिपके धरायचे नाहीत, पट्टा सलगच हवा.

गंमत अशी की पी-१६ हे काही कर्करोग घडवणारं प्रथिन नाही. उलट पेशीच्या विभाजनाला लगाम घालणं हे त्याचं काम. मग जिथे पेशी बेफाम वाढतायत तिथेच ते ढिगानं का सापडावं?

सायकलवरून उतार उतरताय आणि ब्रेकची वायर मध्येच तुटलीय, असं समजा. दांडा तुम्ही जिवाच्या आकांतानं आवळताय, पण चाकापर्यंत काही पोचत नाही. पी-१६ हा तो दांडा. आरबी नावाचं दुसरं प्रथिन ही वायर. ती तोडणारा विषाणू म्हणजे एचपीव्ही (ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस), गर्भाशयमुखाच्या बहुतेक कर्करोगांमागचा. त्याचं ई-७ हे प्रथिन आरबीला निकामी करतं. आरबी शाबूत असेपर्यंत पी-१६ चं उत्पादनही आवरलेलं असतं. आरबी गेलं की हा आवरही सुटतो. पेशी पी-१६ बनवतच राहते आणि त्याचा उपयोग शून्य. म्हणजे तपकिरी पट्टा दाखवतो तो विषाणूचा नुसता वावर नव्हे, तर त्यानं केलेली मोडतोड. मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं हेच वाटतं, कारण एचपीव्हीचा संसर्ग अतिशय सामान्य आहे आणि बहुतेक वेळा तो वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातो.

विषाणूचं दुसरं हत्यार ई-६. ते पी-५३ या पहारेकरी प्रथिनाला पेशीच्याच कचराकुंडीत धाडतं. इतर अनेक कर्करोगांत पी-५३ चं जनुकच बिघडतं; इथे ते बहुधा धडधाकट असतं, फक्त त्याचं प्रथिन टिकू दिलं जात नाही. १९५१ पासून प्रयोगशाळांत वाढणाऱ्या हेला पेशी गर्भाशयमुखाच्याच कर्करोगाच्या, आणि त्यांच्यात १८ क्रमांकाचा एचपीव्ही आहे. त्यांच्यातली ई-६ आणि ई-७ ही प्रथिनं बंद पाडली, की दशकानुदशकं न थांबलेल्या या पेशी चक्क थांबतात.

पी-१६ च्या जोडीला घेतात ते की-६७ हे आणखी एक प्रथिन. हे विभाजनाच्या फेऱ्यात असलेल्या पेशीच्या केंद्रकात सापडतं. जर्मनीतल्या कील शहरात ते सापडलं आणि ज्या प्रतिपिंडानं सापडलं ते प्रयोगाच्या तबकडीत ६७ व्या खळग्यात होतं, म्हणून हे नाव. निरोगी पेशीत एकतर विभाजन चालू असतं, नाहीतर पी-१६ नं ते रोखलेलं असतं. एकाच पेशीत तपकिरी पी-१६ आणि लाल केंद्रकातलं की-६७ एकत्र दिसलं, तर तिथे नक्कीच काहीतरी बिनसलंय. यासाठी बायोप्सीही लागत नाही; पॅप स्मीअरसारख्या खरवडून घेतलेल्या पेशींवरही ही दुहेरी तपासणी होते.

आपल्याकडे याला एक जवळचा संदर्भ आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००९ मध्ये आले. एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीनंतर, गरज असेल तिथे उपचार झाल्यावर, या कर्करोगानं होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. प्रश्न उरतो तो चाचणी पॉझिटिव्ह आलेल्यांचा. शेतातली कामं टाकून एसटीनं येणाऱ्या प्रत्येकीला पुढच्या तपासण्यांसाठी परत बोलवायचं का? नेमकं कुणाला बोलवायचं हे निवडायला दुहेरी रंग उपयोगी पडतो, आणि जागतिक आरोग्य संघटनेनं २०२४ मध्ये त्याची शिफारस केली. पण त्याला प्रतिपिंडं लागतात, प्रयोगशाळा लागते, स्लाइड वाचणारा माणूस लागतो. तालुक्याच्या ठिकाणी या तिन्ही गोष्टी एकत्र मिळणं कठीणच.

आणि हा रंग सगळंच सांगतो असंही नाही. काही थोडे कर्करोग एचपीव्हीशिवाय होतात. जठरासारख्या पेशींचा एक ग्रंथीजन्य प्रकार त्यातलाच, तिथे पी-१६ ची स्लाइड बहुधा कोरीच राहते. शिवाय वायर तुटलीय एवढंच कळतं. सायकल पुढे खड्ड्यात जाईल की आपोआप थांबेल, ते कळत नाही. मधल्या पायरीवरच्या, म्हणजे सीआयएन-२ म्हणतात त्या बदलांपैकी सुमारे निम्मे दोन वर्षांत मागे फिरतात. म्हणून मूल व्हायचं असलेल्या तरुण बाईला डॉक्टर अशा वेळी लगेच टेबलावर घेत नाहीत. सहा महिन्यांनी पुन्हा या, असं सांगतात, आणि तेवढ्यापुरती तारीख लिहून देतात.